चौकटीबाहेरचा ऊस

उर्दू शाळेच्या मास्तराने गळ्यात कॅमेरा अडकवला की मोहल्ल्यात त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "सर, शादीचे फोटो काढता का? कितना लेते?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "सर, जानदाराची तस्वीर काढणं जायज आहे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आम्ही शादीचे फोटो काढत नाही. आम्हाला शेकरू, पाखरे आणि जमलाच तर बिबट्या यांचे फोटो काढण्याचा शौक आहे, आणि यांपैकी कुणीही आजवर आमच्याकडे अल्बम मागितलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नावर आम्ही जास्त बोलत नाही. आम्ही मुफ्ती नाही, बी.एड. आहोत. एवढेच सांगतो की या मुद्द्यावर उलेमांमध्ये एकमत नाही. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई (निधन १९३५) यांनी असे म्हणणे मांडले होते की कॅमेऱ्याने काढलेला फोटो म्हणजे सावली रोखून धरणे. त्यात माणूस नवे काही घडवत नाही, जे समोर आहे तेच धरून ठेवतो. आपल्याकडच्या अनेक आलिमांना हे पटले नाही. ओळखपत्रापुरता फोटो ठीक, शौकासाठी नको, असे म्हणणारे बुजुर्ग आमच्या घरातच आहेत. त्यांच्यासमोर आम्ही कॅमेरा पिशवीत ठेवतो. पण 'सावली रोखून धरणे' हे शब्द मनात राहिले. कुणाची सावली रोखायची, आणि ती रोखताना आजूबाजूचे काय कापून टाकायचे, याचा हिशेब फोटो काढणाऱ्याला द्यावाच लागतो. जुन्नर-आंबेगावात राहून प्राण्यांचे फोटो काढणाऱ्याला तर जरा जास्तच. वाचकहो, हा लेख त्या हिशेबाचा आहे.

कमरा आणि कॅमेरा

आमच्या शाळेत प्रकाशाचा धडा आला की आम्ही एक प्रयोग करतो. वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद आणि जुनी घोंगडी लावून खोली अंधारी करायची आणि कागदाला सुईने, मग जरा मोठ्या खिळ्याने, एक भोक पाडायचे. समोरच्या भिंतीवर बाहेरचे लिंबाचे झाड उलटे उमटते. पोरे ओरडतात, "सर, झाड उल्टा!" मग आम्ही इब्न अल-हैसम यांचे नाव फळ्यावर लिहितो. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, ही जुनी समजूत त्याने मोडून काढली आणि वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो तेव्हा दिसते, असे सांगितले. ग्रहणाच्या वेळी बारीक भोकातून पडणाऱ्या सूर्याच्या आकारावरही त्याने लिहिले आहे.

आमचे काही दोस्त याच्या पुढे जाऊन सांगतात की 'कॅमेरा' हा शब्दच मुळी आपल्या 'कमरा'वरून गेला. ऐकायला गोड वाटते, पण ते तसे नाही. कॅमेरा हा शब्द लॅटिनमधला, खोली या अर्थाचा. आणि आपल्या उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला, तोही त्याच मुळाचा. म्हणजे दोघे सख्खे भाऊच, फक्त वेगवेगळ्या वाटेने घरी आलेले. कॅमेरा म्हणजे अंधारी खोली. तिला एकच खिडकी. खिडकीतून काय दिसेल ते खिडकीच्या मापावर ठरते. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

आमचे सामान

सामान फार नाही. २०१८ साली आम्ही पुण्यातून एक वापरलेला निकॉन डी ३४०० घेतला. सोबत दोन लेन्स: एक १८-५५ मिलिमीटरची, दुसरी ७०-३००ची. मोठ्या फोटोग्राफरांकडे ६०० मिलिमीटरच्या, हातभर लांबीच्या लेन्स असतात. तसल्या एका लेन्सच्या किमतीत आमच्या शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे बदलून होतील, त्यामुळे तिच्याकडे आम्ही दुरूनच पाहतो.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. लांबच्या लेन्सने हात थोडा जरी हलला तरी फोटो पुसट येतो. साधा हिशेब असा की लेन्सचे मिलिमीटर, गुणिले आपल्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरसाठी दीड, आणि तेवढाव्वा सेकंद. ३०० मिलिमीटरला ४५० होतात, म्हणजे शटर निदान एक पाचशेव्वा सेकंद हवे. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवावा. दाणेदार फोटो परवडला, हललेला परवडत नाही. फोकस नेहमी प्राण्याच्या डोळ्यावर धरावा. आणि झाडावरचा प्राणी खालून टिपताना मागे पांढरे आभाळ असेल तर कॅमेरा फसतो आणि प्राणी काळा येतो. तेव्हा एक्स्पोजर एक पायरी वाढवून घ्यावे.

तिकाटणे जड म्हणून आम्ही बीन बॅग वापरतो. अब्बांनी दुकानातल्या मशीनवर जुन्या जीन्सचा पाय शिवून दिला आणि त्यात तीन किलो ज्वारी भरली. बांधावर, मोटारसायकलच्या सीटवर, दगडावर, कुठेही ठेवा, लेन्स तिच्यात बाळासारखी निजते. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीच्या दमटपणाने लेन्सला बुरशी येते. त्यासाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि वरून घट्ट झाकण. डबा बिर्याणीच्या मसाल्याचा नसावा एवढी काळजी घ्यावी.

शेकरूच्या गावात

आमच्या भागात फोटोंसाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे भीमाशंकर. मंचरवरून घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेने वर. या धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव त्या गावाचे राहिले आणि कचेऱ्या घोडेगावात. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे उंच झाडांच्या शेंड्यावर राहतो, डहाळ्या-पानांची गोल घरटी बांधतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची उडी सहज घेतो. त्याला जमिनीवर उतरायला आवडत नाही. झाडाला झाड लागून असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो. मधली चार झाडे तोडली की त्याचा पूल तुटला.

शेकरूचा फोटो सकाळी लवकर मिळतो. एका घरट्याजवळ गप्प बसावे, पण अगदी बुंध्याशी नको. आम्ही तीस-चाळीस पावले मागे बसतो. पहिल्या अर्ध्या तासात तो ओरडून आपली तक्रार नोंदवतो. नंतर त्याला आमचा कंटाळा येतो आणि तो खायला लागतो. फोटो तेव्हा काढायचा. अभयारण्यात फोटोसाठी परवानगी लागते, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये तशी तरतूद आहे, नाक्यावर विचारावे. पावसाळ्यात रात्री तिथल्या कुजक्या लाकडांवर हिरवट चमकणारी बुरशी दिसते. तिला तीस सेकंदांचे एक्स्पोजर लागते आणि बॅटरी बंद लागते. हल्ली तिथे बॅटऱ्या जास्त येतात आणि अंधार कमी.

आपल्या समाजात हा शौक नवा नाही, हेही सांगायला हवे. पक्ष्यांचा अभ्यास म्हटले की ज्यांचे नाव पहिले येते ते सलीम अली (१८९६-१९८७) मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातले. मुलांना आम्ही सांगतो की लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथला होऊन गेला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. सिंगापूरचे लोक वान थो हे त्यांचे मित्र मोठे पक्षी-छायाचित्रकार होते. पण सलीमसाहेबांचे स्वतःचे हत्यार वही आणि दुर्बीण. कोणता पक्षी, हे लिहून ते थांबत नसत. कोणत्या झाडावर, काय खात होता, आजूबाजूला काय होते, तेही लिहीत. चौकटीबाहेरचे टिपून ठेवण्याची ही सवय आम्हाला फार मोलाची वाटते.

उसातला शेजारी

आता बिबट्या. जुन्नर म्हटले की बाहेरच्या लोकांना पूर्वी शिवनेरी आठवे, लेण्या आठवत, आमच्यासारख्याला निजामशाहीची पहिली राजधानी आणि जुन्नरी कागद आठवे. आता आधी बिबट्या आठवतो.

तो इथे का आला, हे एका शब्दात सांगायचे तर पाणी. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालवे आले, ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरे. मादीला पिल्ले घालायला याहून बरी जागा कोणती? ऊसतोडीच्या वेळी पाचटात पिल्ले सापडतात ती याचमुळे. अशी पिल्ले वनखात्याचे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवतात. बाजूला कॅमेरा लावतात. रात्री आई येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. या कॅमेऱ्यामागे माणूस नसतो, म्हणून तर ती येते.

माणसाशिवाय चालणाऱ्या या कॅमेऱ्याची गोष्ट जुनी आहे. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात वाटेवर तार बांधून वाघांचे फोटो काढले; वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश आणि शटर एकदम. १९२७ साली त्यांचे पुस्तक आले. आजच्या कॅमेरा ट्रॅपला तार लागत नाही, अंगाची ऊब आणि हालचाल त्याला कळते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे निराळे, आणि एकाच्याही डाव्या-उजव्या कुशीचे निराळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे शेजारच्या अकोले तालुक्यात शेतांमध्ये लावले. २०१३ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला: जिथे दर चौरस किलोमीटरला ३००हून जास्त माणसे राहतात तिथे दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे राहतात. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. म्हणजे बिबट्या जंगलातून चुकून आलेला पाहुणा नाही, तो इथलाच रहिवासी. त्याला पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडले तर काय होते, हे याच अभ्यासकांनी जुन्नरच्या नोंदींवरून २०११ साली दाखवले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबटे धरून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली, आणि २००१ ते २००३ मध्ये हे हल्ले वर्षाला १७ वर गेले. घर सुटलेला, घाबरलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी जास्त धोकादायक ठरला. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडले तर तो रेल्वे, महामार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. 'आजोबा' नावाने तो प्रसिद्ध झाला; २०११ साली गाडीखाली मेला, आणि २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला.

पाच अंश

आम्हालाही एकदा बिबट्या मिळाला. जुन्नरच्या पूर्वेला एका दोस्ताच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर आम्ही मगरिबच्या सुमारास बसलो होतो. जागा सांगत नाही, कारण पुढे येईल. समोर उसाचा फड, मध्ये पाणंद. तो उसातून निघाला, पाणंदीच्या मधोमध बसला, पंजा चाटला आणि मांजरासारखा उठून निघून गेला. दोन मिनिटांत नऊ फोटो मिळाले. ज्वारीच्या थैलीवर लेन्स, ३०० मिलिमीटर, आयएसओ ६४००, एक साठाव्वा सेकंद. बसलेला होता म्हणून जमले.

त्यातला एक फोटो मोठा करून शाळेच्या फलकावर लावला. खाली उर्दू आणि मराठीत ओळी लिहिल्या. पोरांची गर्दी झाली. सहावीतली एक मुलगी मात्र बराच वेळ फोटोच्या कडा पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, इसमें हमारा घर किधर है?"

तिचे वडील त्याच पट्ट्यात वाट्याने शेती करतात. तिने बांधावरचे करंजाचे झाड ओळखले होते. तिचे घर त्या झाडापासून दोनशे फुटांवर, फोटोच्या डाव्या कडेच्या पलीकडे.

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर भूमितीत आहे. आमच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरची लेन्स सुमारे ७६ अंशांचा कोन पाहते. ३००ची लेन्स पाहते फक्त ५ अंश. उरलेले सगळे, म्हणजे तिचे पत्र्याचे घर, शेळ्यांचा गोठा, दोरीवर वाळणारे कपडे, बाहेर चुलीवर भाकरी थापणारी तिची अम्मी, लेन्सने कापले. लेन्सचे काम ते आहेच. पण मासिकात, कॅलेंडरवर, मोबाईलवर बिबट्याचे जे फोटो लोक पाहतात ते सगळे असे पाच अंशांचे असतात. मागे हिरवे धुके, मध्ये सोनेरी प्राणी. पाहणाऱ्याला वाटते, हे जंगल आहे. जुन्नर-आंबेगावच्या बिबट्याबद्दल याहून मोठा गैरसमज दुसरा नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दिवसाउजेडी तिच्या घरी गेलो, या वेळी छोटी लेन्स लावून. तिच्या वडिलांनी चहा दिला आणि घर दाखवले. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारली आहे. सहा वाजले की पोरे आत. शौचाला कुणी एकटे जात नाही. रात्री बाहेर पडायचे तर मोबाईलवर मोठ्याने गाणे लावायचे, म्हणजे माणूस येतो आहे हे त्याला आधी कळते. हा सल्ला वनखात्याचाच. आम्ही विचारले, रात्री बाहेर पडताच कशाला? ते हसले. "सर, मोटारीची लाईट हफ्त्यातले अर्धे दिवस रातकोच आती. पानी देना पडता. ऊस रुकता नहीं, बिबट्या भी रुकता नहीं." उसाला वाकून दारे धरणारा माणूस अंधारात किती उंच दिसतो? बिबट्याच्या नजरेतून पाहिले तर शेळीएवढा.

या एका वाक्यात आम्हाला वन्यजीव फोटोग्राफीचा जो धडा मिळाला तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. बिबट्या-माणूस प्रश्नाचा अर्धा भाग विजेच्या वेळापत्रकात आहे, आणि वेळापत्रकाचा फोटो कुणी काढत नाही.

गळ्यातले पट्टे

२०२५चे ऑक्टोबर-नोव्हेंबर आमच्या भागात कुणी विसरणार नाही. घोड नदीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्यात एक पाच वर्षांची मुलगी होती, एक सत्तरीच्या आजी होत्या आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत आमच्या वर्गात हजेरी कमी झाली. जे येत होते ते घोळक्याने येत आणि आम्ही शाळा सुटल्यावर त्यांना वळणापर्यंत सोडायला जात होतो. कॅमेरा घरी डब्यात होता. ज्याच्या घरातले मूल गेले त्याला 'सहजीवन' हा शब्द सांगायची हिंमत आमच्यात नाही, आणि ती कुणात असूही नये. त्याला आधी जाळी हवी, दिवसाची वीज हवी, अंगणात दिवा हवा आणि फोन केल्यावर येणारी गाडी हवी. हे मिळाले तर तो स्वतःच बिबट्याला शेजारी म्हणतो. वर्षानुवर्षे म्हणतच आला आहे.

त्याच दिवसांत एक फोटो देशभर पाहिला गेला. पिंपरखेडच्या शेतात काम करणाऱ्या बायकांनी मानेवर हल्ला होऊ नये म्हणून गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घातले होते. असे पट्टे आपण धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात पाहिले आहेत. त्या फोटोत बिबट्या नाही. तरीही आमच्या मते या मुलखातला तो सगळ्यात खरा वन्यजीव फोटो आहे, कारण त्यात बिबट्या कुठे राहतो आणि कुणाबरोबर राहतो ते दिसते.

आणि त्याच दिवसांत खोटे फोटोही फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला बिबट्या कुणाच्या सोसायटीत, कुणाच्या गल्लीत बसलेला दिसू लागला. वनखात्याला खुलासे करावे लागले. पाच अंशांच्या फोटोची सवय लागलेल्या डोळ्याला असला बिबट्या पटकन खरा वाटतो. तोही तसाच, आगा-पिछा नसलेला. आम्ही मुलांना सांगितले, फोटो आला की तीन गोष्टी विचारा: कुठला, कधीचा, कुणी काढला? याची उत्तरे नसतील तर पुढे पाठवू नका. खबर तपासल्याशिवाय पसरवू नये, ही शिकवण घरोघरी आहेच. मोबाईल हातात आला म्हणून ती रद्द झालेली नाही.

जे आम्ही करत नाही

आमच्या त्या फोटोमुळे अधूनमधून फोन येतात. "सर, आम्ही चार जण येतो, बिबट्या दाखवा. खर्चाची काळजी नको." एकाने तर शेळीचे करडू बांधायची तयारी दाखवली. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. आमिष लावून एक रात्र बिबट्या दिसेल. पण माणसाच्या वासाबरोबर आयते खाणे मिळते हे तो शिकला, की दुसऱ्या रात्री तो त्याच जागी येणार. तेव्हा गाडीतले साहेब पुण्याला गेलेले असतील आणि पाणंदीवर ती सहावीतली मुलगी असेल. म्हणून आम्ही जागा सांगत नाही. फ्लॅश मारत नाही. विहिरीत पडलेल्या किंवा पिंजऱ्यातल्या बिबट्याभोवती गर्दी असते तिथे कॅमेरा घेऊन जात नाही. त्या वेळी बचाव करणाऱ्यांना मोकळी जागा आणि शांतता लागते. पिल्ले दिसली तर हात लावत नाही, फोटो काढत नाही, वनखात्याला फोन करतो आणि लांब होतो. यात काही थोरपणा नाही. आम्हाला इथेच राहायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फोन करणाऱ्यांना आम्ही दुसरा रस्ता सांगतो. पावसाळा संपल्यावर या, भीमाशंकरला शेकरू बघा, आहुप्याच्या बाजूला देवराईत बसा, धरणांच्या कडेला हिवाळी पाखरे बघा. तिथल्या गावात जेवा, वाटाड्या तिथलाच घ्या. चार जण येतातही. बाकीचे फोन ठेवतात.

पोरांचे फोटो

त्या मुलीच्या प्रश्नावर आम्ही एक उपक्रम केला. रीतसर पाठ टाचण काढले, नाव दिले 'मेरा रास्ता'. मुलांच्या घरातले साधे मोबाईल आणि आमचा कॅमेरा छोट्या लेन्ससह, असे आळीपाळीने वापरून प्रत्येकाने घर ते शाळा या रस्त्याचे पाच फोटो काढायचे, तेही दिवसाउजेडी आणि मोठ्या माणसाबरोबर. अट एकच: जे आवडते ते एक, जे भीती दाखवते ते एक, बाकी तीन मर्जीचे.

आवडीच्या फोटोंत आइस्क्रीमची गाडी होती, शिवनेरी होती, मदरशाची पायरी होती, एकाच्या दादीचे हात होते. भीतीच्या फोटोंत बिबट्या कुठेच नव्हता, कारण तो कुणाला दिसलेला नव्हता. त्यांत बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा होता. कठडा नसलेली विहीर होती. दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला ऊस होता. महामार्गावर न थांबणारे ट्रक होते. एका मुलाने रात्री पाणी द्यायला निघालेल्या वडिलांची बॅटरी आणि गमबूट असा फोटो काढला होता, उंबऱ्यावर ठेवलेले, माणूस नसलेले. खाली लिहिले होते, "अब्बा का ड्यूटी."

हे फोटो आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात लावले. पालक आले, गावातले इतर लोकही आले. मराठी शाळेचे गुरुजी त्यांचा वर्ग घेऊन आले आणि आता त्यांनाही 'माझा रस्ता' करायचे आहे. बंद दिव्याचा फोटो पाहून एका सदस्याने तो खांब कुठला ते वहीत लिहून घेतले. दिवा महिनाभराने लागला. विहिरीचा कठडा अजून बाकी आहे.

त्या मुलीनेही पाच फोटो काढले होते. त्यातला एक आम्ही आमच्या बिबट्याच्या फोटोशेजारी लावला, त्याच मापाचा करून. करंजाच्या झाडाखालून घेतलेला, सगळे ७६ अंश आलेले: उजवीकडे पाणंद आणि ऊस, मध्ये गोठ्याची जाळी, डावीकडे पत्र्याचे घर, दारात तिची अम्मी डोळ्यांवर हात धरून उभी. फोकस जरा चुकला आहे, क्षितिज तिरके आहे. येणारे लोक आधी बिबट्यासमोर थांबत, मग शेजारच्या फोटोसमोर त्याहून जास्त वेळ थांबत, आणि मग पुन्हा बिबट्याकडे पाहत.

यंदाचा ऊसतोडीचा हंगाम आला की टोळ्या येतील, फड रिकामे होतील आणि बिबट्याला उभा ऊस शोधत सरकावे लागेल. त्या दिवसांत मुलांनी घोळक्याने यावे, मोठ्याने गप्पा मारत यावे, संध्याकाळी पालकांनी घ्यायला यावे, असे आम्ही आताच फलकावर लिहून ठेवले आहे. शेजारी वनखात्याचा फोन क्रमांक आहे. त्याच्या वर ते दोन फोटो.